खेळाडू पैशामुळे नव्हे, करार नसल्यामुळे जातात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळू लागले, त्यामुळे संघ टिकेनासे झाले, मुलं दरवर्षी जर्सी बदलू लागली आणि निष्ठा संपली, असा त्याचा एकंदर सूर होता. संघ टिकत नाहीत हे खरं आहे. पण त्याचं खापर मुलांच्या खिशातल्या पैशांवर फोडणं मला पटलं नाही. मी राहतो त्या गावात हे सगळं फार जवळून बघायला मिळालं, म्हणून हे पत्र.

माझं गाव टेरा होट, इंडियाना. मी गणित आणि संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. गावात इंडियाना स्टेट विद्यापीठ आहे; पुढे अमेरिकेची व्यावसायिक लीग एनबीए गाजवणारा लॅरी बर्ड खेळला ते हेच. 2023-24 च्या हंगामात या विद्यापीठाच्या सिकमोर्स संघाने गावाला वेड लावलं होतं. चष्मा लावून खेळणारा उंचपुरा सेंटर रॉबी अविला पाठीमागे न बघता असे पास द्यायचा, की विद्यापीठाच्या हलमन सेंटर क्रीडागृहात बसलेली म्हातारी माणसंही उभी राहायची. त्या वर्षी संघाने 32 सामने जिंकले. तरीही मार्चमध्ये होणाऱ्या मुख्य स्पर्धेच्या 68 संघांत त्यांना घेतलं नाही. मग एनआयटी ही दुसरी स्पर्धा ते खेळले, अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि इंडियानापोलिसच्या हिंकल फील्डहाउसमध्ये सीटन हॉल विद्यापीठाकडून 79-77 असे हरले. अवघ्या दोन गुणांनी.

त्यानंतर काही दिवसांतच प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुईस विद्यापीठात गेले. अविला आणि आयझेया स्वोप त्यांच्यामागोमाग गेले. रायन कॉनवेल सिनसिनाटीच्या झेवियरला गेला, तर जेसन केंट आणि जूलियन लॅरी टेक्सासला. सामना सुरू करणाऱ्या पाचांपैकी एकही उरला नाही. गावात महिनाभर सुतक असल्यासारखं होतं. दुकानात, चर्चबाहेर, केस कापायला गेलं तरी एकच वाक्य कानावर यायचं : पैशाने पोरं नेली.

मलाही वाईट वाटलं, आजही वाटतं. पण जरा हिशोब मांडून बघू. पाचांतले दोघे प्रशिक्षकाच्या मागे गेले. प्रशिक्षक मोठ्या कॉलेजात जातो तेव्हा त्याला कुणी निष्ठेचे धडे देत नाही. त्याची प्रगती झाली म्हणून अभिनंदन करतात. शिवाय हा संघ उभा कसा राहिला होता? कॉनवेल साउथ फ्लोरिडाहून आला होता, केंट ब्रॅडलीहून, स्वोप सदर्न इंडियानाहून. ज्या दाराने ते गेले, त्याच दाराने आले होते. येताना आम्ही टाळ्या वाजवल्या.

दार कधी उघडलं ते बघितलं की गोंधळ कुठे होतो हे कळतं. 2021 पर्यंत बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदलणाऱ्या मुलाला सहसा एक वर्ष बाकावर काढावं लागे. सराव करायचा, पण सामना खेळायचा नाही. लॅरी बर्डलाही हे चुकलं नव्हतं. 1974 मध्ये तो ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात दाखल झाला, काही आठवड्यांत तिथून परतला, आपल्या फ्रेंच लिक गावात नगरपालिकेच्या कामावर लागला, कचऱ्याच्या गाडीवरही काम केलं. मग 1975 मध्ये तो टेरा होटला आला आणि एक वर्ष बसून राहिला. हा नियम एप्रिल 2021 मध्ये सैल झाला आणि एकदा कॉलेज बदलायला मोकळीक मिळाली. पुढे 1 जुलै 2021 पासून एनआयएल सुरू झालं, म्हणजे स्वतःचं नाव, छायाचित्र आणि ओळख वापरू देण्याबद्दल खेळाडूला पैसे घेण्याची मुभा. जेमतेम तीन महिन्यांच्या आत दोन्ही गोष्टी आल्या, म्हणून लोकांच्या डोक्यात त्या एकच होऊन बसल्या. डिसेंबर 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने उरलेलं बंधनही अडवलं. एप्रिल 2024 पासून, अभ्यासात पात्र असेल तर मुलाने कितीही वेळा कॉलेज बदलावं आणि लगेच खेळावं, असा नियम झाला.

हे दार बंद ठेवावं असं मी म्हणत नाही. एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, वर्षानुवर्षं या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसा घेऊ दिला नाही, आणि त्याच वेळी मार्चमधल्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क विकून कमाई केली. 2025 ते 2032 या आठ वर्षांच्या हक्कांचा करारच 8.8 अब्ज डॉलरचा आहे. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादेबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात, नऊ विरुद्ध शून्य अशा मतांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

प्रश्न पैसे कोणत्या स्वरूपात दिले जातात, हा आहे. कागदावर ते जाहिरातीचे पैसे. प्रत्यक्षात पहिली चार वर्षं बहुतेक मोठ्या कॉलेजांत माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांनी 'कलेक्टिव्ह' नावाच्या संस्था काढल्या आणि त्यांच्यामार्फत पगारच वाटला. हे करार बहुधा एकेका हंगामाचे. कॉलेज त्यात पक्षकार नाही, त्यामुळे कॉलेजला मुलाला थांबवता येत नाही. मुलालाही पुढच्या वर्षीची शाश्वती नाही. मग दर वसंतात सगळा बाजार नव्याने भरतो. 2025 मध्ये पुरुषांच्या डिव्हिजन एकमधले, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातले, दोन हजारांहून अधिक खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांच्या यादीत, उतरले. या विभागात संघ आहेत साडेतीनशेच्या वर. म्हणजे सरासरीने प्रत्येक संघातून पाचेक मुलं.

मायामी विद्यापीठाचं उदाहरण दोन्ही बाजू दाखवतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एप्रिल 2022 मध्ये कॅन्सस स्टेटचा नायजेल पॅक मायामीला आला. एका कंपनीबरोबर त्याचा दोन वर्षांचा, आठ लाख डॉलर आणि शिवाय एक मोटार असा करार झाला, आणि तो उघडपणे जाहीर केला गेला. लगेच त्याच संघातल्या आयझेया वाँगच्या एजंटने सांगून टाकलं, की आमच्या मुलाचे पैसे वाढले नाहीत तर तो पोर्टलमध्ये जाईल. केवढा गहजब झाला. पण पुढे काय झालं? वाँग राहिला. 2023 मध्ये दोघांनी मिळून मायामीला पहिल्यांदाच फायनल फोरमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, नेलं. पॅकचा करार दोन वर्षांचा होता आणि ती दोन्ही वर्षं तो मायामीतच खेळला. ज्याला दोन वर्षांचा कागद मिळाला, तो दोन वर्षं टिकला.

त्याच मायामीचे प्रशिक्षक जिम लारान्यागा यांनी डिसेंबर 2024 मध्ये, ऐन हंगामात, वयाच्या पंचाहत्तरीत काम सोडलं. निरोपाच्या पत्रकार परिषदेत त्यांनी सांगितलं, की फायनल फोरनंतर मुलांना भेटलो तेव्हा आठ जण पोर्टलमध्ये जायचं म्हणाले. इथे आवडत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, आवडतं, पण दुसरीकडे जास्त मिळतं. या माणसाचा थकवा मला समजतो. मीही उभं आयुष्य विद्यार्थ्यांत काढलं आहे. वर्षभर घडवलेला वर्ग अर्ध्यावर उठून जातो तेव्हा काय वाटतं, ते मला सांगावं लागत नाही. पण त्या आठ मुलांना दोष देताना, त्यांना पुढच्या वर्षाची हमी कुणी दिली होती, हेही विचारायला हवं.

आपल्या लेखात एक बाजू अजिबात आली नाही : पैशामुळे कॉलेजात राहणारे खेळाडू. पूर्वी बरा खेळणारा मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच एनबीए ड्राफ्टला, म्हणजे एनबीए संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीला, नाव द्यायचा, निवड झाली नाही तर परदेशातल्या लहानसहान लीगमध्ये जायचा, कारण घरी पैसे हवे असायचे. 2021 मध्ये शिक्षण पूर्ण होण्याआधी ड्राफ्टला नाव दिलेले खेळाडू साडेतीनशेहून जास्त होते. 2025 मध्ये ते 106 वर आले. दुसऱ्या फेरीत कुठेतरी निवड होण्यापेक्षा कॉलेजात आणखी एक वर्ष खेळणं परवडू लागलं. म्हणजे हाच पैसा खेळाडूला कॉलेज बास्केटबॉलमध्ये टिकवतो, पण एका कॉलेजात टिकवत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय या विषयावर धड बोलताच येणार नाही.

एका कॉलेजात टिकवायला काय लागतं, ते माझ्या घरापासून दीड-दोन तासांवर परड्यू विद्यापीठात बघायला मिळतं. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही इंडियानाचेच. पोर्टल सताड उघडं असताना ते शेवटच्या वर्षापर्यंत तिथेच राहिले. 2025-26 च्या हंगामापूर्वी एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत परड्यू पहिलं आलं; हंगाम सुरू होण्याआधीच पहिलं येण्याची त्यांच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. त्यांना पैसे मिळत नव्हते असं मुळीच नाही. पण प्रशिक्षक मॅट पेंटर 2005 पासून एकाच जागी आहेत, आणि तिथे येणाऱ्या मुलाला आपण तिसऱ्या वर्षी कुठे असू हे साधारण माहीत असतं.

परड्यूचाच झॅक ईडी तर आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. तो कॅनडाचा, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, एफ-1 वर. आपली हजारो मुलं त्याच व्हिसावर इथे शिकतात आणि बाहेर काम करण्यावर किती बंधनं आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ईडी 2023 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, पण सहकाऱ्यांसारखे जाहिरातींचे करार अमेरिकेत करणं त्याला शक्य नव्हतं. तरीही तो चौथ्या वर्षासाठी परत आला, पुन्हा सर्वोत्तम ठरला आणि 2024 मध्ये परड्यूला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. एका असामान्य मुलाने हे केलं म्हणून सगळ्यांनी फुकट खेळावं असं मी म्हणणार नाही. उलट, परदेशी खेळाडूंवरचा हा अन्याय दूर व्हायला हवा. पण मुलं राहायचं की जायचं हे ठरवताना फक्त आकडा बघतात, हा समज मात्र यातून खोटा ठरतो.

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट. मी ज्या कॉलेजात शिकवायचो त्याचं नाव लिहीत नाही. नोकरीच्या अखेरच्या काळात माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात बास्केटबॉल संघातला एक फॉरवर्ड होता. मागच्या बाकावर पाय लांब करून बसायचा, पण गृहपाठ वेळेवर द्यायचा. एका दुपारी तो फोन आणि एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. फोनवर मोठ्या कॉलेजच्या कलेक्टिव्हचा करार होता. कागद होता पदवीच्या हिशोबाचा, कोणत्या विषयाचे किती क्रेडिट झाले त्याचा. त्याला तो हिशोब समजून घ्यायचा होता.

आधी करार वाचला. महिन्याला ठरावीक रक्कम. समाजमाध्यमांवर काही पोस्ट टाकायच्या, दोन कार्यक्रमांना हजर राहायचं. पुढे एक कलम : संस्थेला तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवता येईल. मुलाने संघ सोडला तर पैसे लगेच बंद. दुखापतीबद्दल एक शब्द नाही. कर कापला जाणार नव्हता. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून तो कर मुलानेच दर तिमाहीला भरायचा होता. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आकडा बघून त्याच्या आईने घराचं थकलेलं भाडं त्यातून फेडायचं ठरवूनही टाकलं होतं.

मग क्रेडिटचा कागद. एनसीएएचा नियम असा, की दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर 60 आणि चौथ्या वर्षाअखेर 80 टक्के अभ्यासक्रम पुरा हवा. 120 क्रेडिटची पदवी असेल तर तिसऱ्या वर्षाअखेर 72. आमच्याकडे तो या मार्गावर व्यवस्थित होता. पण नव्या कॉलेजने त्याचे बरेच विषय फक्त ऐच्छिक म्हणून धरले होते, मुख्य विषयात नाही. आम्ही दोघांनी पेन्सिलने एकेक ओळ तपासली. सोपा विषय निवडला तर तो पात्र राहत होता. त्याला हवा असलेला लेखाशास्त्राचा विषय घेतला तर अडकत होता. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "सर, विषय बदलला तर चालेल, भाडं थांबणार नाही."

तो गेला. त्याने चूक केली असं मी तेव्हाही म्हटलं नाही. मला राग आला तो त्या कराराचा. तीस दिवसांत मोडता येणाऱ्या कागदासाठी एका वीस वर्षांच्या मुलाने आपल्या शिक्षणाचा विषय बदलला, आणि त्या टेबलाच्या पलीकडच्या एकाही मोठ्या माणसाला यात काही गैर वाटलं नाही.

6 जून 2025 ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार 1 जुलै 2025 पासून कॉलेज थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. फुटबॉल खेळणारी अनेक मोठी कॉलेजं त्यातला 15 टक्क्यांच्या आसपास वाटा पुरुषांच्या बास्केटबॉलला देतात, म्हणजे तीसेक लाख डॉलर. टेरा होटसारख्या ठिकाणच्या कॉलेजला एवढे पैसे कुठून आणायचे हा प्रश्नच आहे. त्यामुळे लहान कॉलेजांनी मुलं घडवायची आणि मोठ्यांनी ती न्यायची, हे या तडजोडीने थांबलेलं नाही. एनबीएचा तारा स्टेफ करी 2006 ते 2009 अशी तीन वर्षं डेव्हिडसनसारख्या लहान कॉलेजात खेळला. आज तो पहिल्या वर्षानंतरच कुठल्यातरी बड्या संघात दिसला असता, आणि डेव्हिडसनला त्याबद्दल काहीही मिळालं नसतं.

एक चांगलं झालं : कॉलेज आता स्वतः पक्षकार आहे, म्हणून खरा करार करता येतो. मला हवेत ते दोन-तीन वर्षांचे करार, दोन्ही बाजूंना बांधणारे. मुलगा मुदतीआधी गेला तर नव्या कॉलेजने भरपाई द्यावी. प्रशिक्षकांच्या करारात अशी कलमं कधीपासून आहेत. कॉलेजने मुलाला काढलं किंवा तो जायबंदी झाला, तरी त्याचे उरलेले पैसे आणि शिष्यवृत्ती कायम राहावी. आणि भरपाईचा काही हिस्सा, त्या मुलाने पहिलं वर्ष जिथे काढलं त्या कॉलेजला जावा. जागतिक फुटबॉलमध्ये हस्तांतर रकमेच्या पाच टक्के खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना मिळतात, मग इथे का नाही? आयपीएलमध्ये संघाला खेळाडू राखता येतो तो त्याच्या निष्ठेवर नव्हे, नियमांनी बांधलेल्या करारावर, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आणि पोर्टल अंतिम सामन्यानंतरच उघडायला हवं होतं. 2025 मध्ये ते 24 मार्चला उघडलं, तेव्हा सोळा संघ स्पर्धेत खेळत होते.

अडचण एवढीच, की असे नियम एनसीएएने एकतर्फी केले तर न्यायालयात टिकत नाहीत. मक्तेदारीविरोधी कायदा आड येतो. एनबीएमध्ये ते टिकतात, कारण तिथे खेळाडूंच्या संघटनेशी बोलणी करून ते ठरलेले असतात. म्हणजे रस्ता संघटनेतूनच जातो. डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी संघटना करायचं ठरवलं होतं. डार्टमथमध्ये क्रीडा शिष्यवृत्तीसुद्धा देत नाहीत, तरी त्या मुलांना हे सुचलं. वर्षअखेरीस राजकीय वारं बदललं आणि तो अर्ज मागे घ्यावा लागला. जुलै 2025 मध्ये प्रतिनिधीगृहात मांडलेल्या स्कोअर विधेयकात तर खेळाडूंना कर्मचारी मानायचंच नाही, आणि वर एनसीएएला कायद्याचं संरक्षण द्यायचं, असा घाट आहे. माझा त्याला पूर्ण विरोध आहे आणि तसं पत्र मी आमच्या भागाच्या प्रतिनिधींना लिहिलं आहे.

आपल्या दैनिकाचे बरेच वाचक इथे अमेरिकेत आहेत, आणि त्यांची इथे जन्मलेली मुलं शाळांच्या संघांतून खेळतात. त्यातल्या कुणाच्या हातात उद्या असा कागद आला तर आकडा वाचण्याआधी तीन कलमं वाचा : करार कोण, किती दिवसांच्या नोटिशीवर मोडू शकतो; जायबंदी झाल्यास काय; आणि नवं कॉलेज आधीचे किती क्रेडिट मुख्य विषयात धरणार. तिसऱ्याचं उत्तर प्रशिक्षकाकडून तोंडी घेऊ नका, रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
टेरा होट, इंडियाना